मोजपट्टी आणि विद्यार्थी
शालान्त परीक्षेतील मराठीच्या मानदंडाचा इतिहास

१

चंदीगढ हे मापाने बांधलेले शहर आहे. ल कॉर्बुझिए याने १९५१ साली केलेल्या आराखड्यात एक सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब धरला होता, आणि इमारतींच्या प्रमाणबद्धतेसाठी ‘मोद्युलोर’ नावाची स्वतःची मोजपट्टी त्याने वापरली होती. या मोजपट्टीच्या मुळाशी एक कल्पित पुरुष होता. त्याची उंची १ मीटर ८३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट. सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा दीड लाख लोकांसाठी होता. ३१ ते ४७ हा दुसरा टप्पा आणखी साडेतीन लाखांसाठी. आज जेथे जिल्हा न्यायालय आणि पंजाबकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे बसस्थानक आहे, तो सेक्टर ४३ या दुसऱ्या टप्प्यातला. चौकट तीच राहिली. तिच्यात सामावून घ्यावयाची माणसे मात्र वाढली.

शिक्षणाच्या इतिहासाकडे पाहताना हा दाखला उपयोगी पडतो. कोणतेही माप ठरविताना कोणीतरी माणूस गृहीत धरावा लागतो, आणि माप एकदा रूढ झाले की तो माणूस दृष्टिआड होतो. मागे उरतात ते आकडे. शालान्त परीक्षेतील भाषेच्या प्रश्नपत्रिकेचे असेच आहे. उत्तीर्ण होण्यास इतके गुण हवेत, इतक्या शब्दांचा निबंध हवा, अमुक शब्द ऱ्हस्व लिहिला तर अर्धा गुण जाईल, हे नियम सर्वांना ठाऊक असतात. ते ठरविताना कोणता विद्यार्थी डोळ्यांपुढे होता, तो कोणत्या घरातला होता, कोणती बोली बोलत होता आणि त्याने पुढे काय व्हावे अशी अपेक्षा होती, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

सेक्टर ४३ मध्ये नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलाची कल्पना करावी. तेथील शाळा बहुतांशी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेसाठी विद्यार्थी बसवितात. या मंडळाच्या दहावीच्या भाषाविषयांत मराठीही आहे. परंतु शाळेत ती शिकविणारा शिक्षक नसेल तर यादीतील नोंदीचा उपयोग होत नाही. ते मूल हिंदी, इंग्रजी आणि पंजाबी यांत साक्षर ठरेल. घरच्या भाषेत ते साक्षर आहे की नाही, हे त्याला कोणी विचारणारही नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला भाषा येते असे कधी म्हणावयाचे, आणि कोणती भाषा आली म्हणजे, हा प्रश्न मात्र नवा नाही. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेश परीक्षेपासून तो मराठी समाजापुढे आहे. त्याची जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

परीक्षेपूर्वी भाषेचे माप तयार व्हावे लागते. मराठीच्या बाबतीत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. शास्त्रीमंडळाचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ साली निघू लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ सालचे. मोल्सवर्थचा सहकारी मेजर थॉमस कँडी हा पुढे सरकारी भाषांतराच्या कामावर आला, आणि शाळांसाठी तयार होणारी मराठी पुस्तके दीर्घकाळ त्याच्या नजरेखालून जात राहिली. मराठीत विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. प्रमाण मराठी ही पुण्याच्या शिष्ट वर्गाच्या बोलीवर आधारलेली आहे असे आपण म्हणतो. त्यात एवढी पुस्ती जोडावयास हवी की, ती बोली आधी कोशकारांच्या व भाषांतरकारांच्या कचेरीत गाळून घेतली गेली आणि मग पाठ्यपुस्तकांत उतरली. पुढे परीक्षेत ‘शुद्ध’ म्हणून जे मागितले गेले, त्याचा साचा असा घडलेला होता.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ साली झाला आणि पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या पहिल्याच वर्षी उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी होत. परीक्षेचे माध्यम इंग्रजी होते. आरंभीच्या वर्षांत देशी भाषांना अभ्यासक्रमात जागा होती. परंतु १८६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांमधून त्यांना वगळण्यात आले, आणि ती जागा संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना मिळाली. देशी भाषांत उच्च शिक्षणास पुरेसे वाङ्मय नाही, हे त्यामागचे समर्थन होते.

या निर्णयाचा परिणाम महाविद्यालयापुरता राहिला नाही. तो खाली हायस्कुलापर्यंत झिरपला. पुढे महाविद्यालयात जी भाषा चालणार नाही ती शाळेत घेऊन काय करावयाचे, असा हिशेब विद्यार्थी आणि पालक करू लागले. हुशार मुलगा संस्कृत घेऊ लागला. १८६६ पासून मॅट्रिकला संस्कृतात प्रावीण्य मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली, आणि शाळेची प्रतिष्ठा ती शिष्यवृत्ती कोणाच्या मुलांनी पटकावली यावर मोजली जाऊ लागली. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करून मराठी गद्याला नवे तेज देणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८८० साली टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. मराठी भाषेच्या या अभिमान्याने स्थापन केलेल्या शाळेच्याही कीर्तीत शंकरशेट शिष्यवृत्त्यांचा मोठा वाटा होता. यात चिपळूणकरांचा दोष नाही. परीक्षेने जे मोजावयाचे ठरविले होते, त्याच मापाने शाळेला आपली योग्यता सिद्ध करावी लागे. मराठीत उत्तम लिहिणे हे ज्या काळात खऱ्या विद्वत्तेचे काम होते, त्याच काळात मराठी येणे ही शालान्त परीक्षेत भूषणाची गोष्ट नव्हती.

ही विसंगती ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत न्यायमूर्ती रानडे प्रमुख होत. मराठीत वाङ्मय नाही या आक्षेपाला त्यांनी ग्रंथांच्या मोजदादीने उत्तर दिले. मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधी त्यांनी १८९८ साली लिहिलेले टिपण याच वादातून निर्माण झाले. विद्यापीठात देशी भाषांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, आणि १९०१ साली त्यांचा मृत्यू झाला त्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. शालेय परीक्षेत मराठीचे पाऊल पुढे स्थिरावले, त्याची पायाभरणी अशी वरून खाली झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

३

मॅट्रिक ही मूठभरांची परीक्षा होती. सामान्य मराठी माणसाची परीक्षा निराळी होती. मराठी शाळेत सात इयत्ता पुऱ्या केल्यावर ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा देता येई. ती उत्तीर्ण झालेला मनुष्य प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठ्याच्या किंवा कारकुनाच्या जागेस पात्र ठरे. खेड्यापाड्यांत ‘मराठी सातवी पास’ ही ओळख कित्येक दशके मानाची होती. या परीक्षेतील साक्षरतेचे स्वरूप कामाचे होते. पत्र, अर्ज, हिशेब आणि मोडी कागदाचे वाचन, या गोष्टींना तीत महत्त्व होते. अशा रीतीने एकाच भाषेच्या दोन मोजपट्ट्या शेजारी शेजारी नांदत होत्या. एका परीक्षेने महाविद्यालयाचे दार उघडे, दुसरीने गावच्या चावडीचे. त्या दोहोंमध्ये जाण्यायेण्याचा जिना जवळजवळ नव्हता, कारण मधली पायरी इंग्रजीची होती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याचे महत्त्व या संदर्भात विशेष आहे. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या करातून तो पैसा येतो त्या शेतकऱ्यांच्या मुलांकडे दुर्लक्ष होते, ही त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. तितकेसे लक्षात न घेतले गेलेले अंग म्हणजे त्यांनी प्राथमिक शाळेसाठी सुचविलेला अभ्यासक्रम. त्यात मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, व्याकरण, इतिहास व भूगोल यांचे प्राथमिक ज्ञान आहे. शेतीची माहिती आहे, आणि नीती व आरोग्य यांवरील धडेही आहेत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असाही त्यांचा आग्रह होता.

हा अभ्यासक्रम म्हणजे साक्षरतेचा एक निराळा मानदंडच होय. फुल्यांच्या डोळ्यांपुढील विद्यार्थी हा कुळकर्ण्याने पुढे केलेला मोडी कागद स्वतः वाचू शकणारा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्या काळी सावकाराचे खत, जमिनीचा दाखला, सरकारी हुकूम हे सारे मोडीत असे. मोडी न वाचता येणाऱ्याला बाळबोध येत असली तरी स्वतःच्या जमिनीपुरता तो निरक्षरच राहत असे. म्हणून मोडीची मागणी ही केवळ लिपीची मागणी नव्हती. ज्या कागदांवर माणसाचे जगणे अवलंबून आहे ते त्याला वाचता आले पाहिजेत, असे साक्षरतेचे परिमाण तिच्यात होते.

पुढे छापखान्याचा प्रसार झाला, बाळबोध लिपी सर्वत्र रूढ झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शालेय अभ्यासक्रमातून लुप्त झाली. परीक्षेत जे विचारले जात नाही ते शिकविले जात नाही, आणि जे शिकविले जात नाही ते एका पिढीत विसरले जाते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. आजोबांनी सहज लिहिलेले पत्र नातवाला वाचता येईनासे झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. ते वाचण्यासाठी आता स्वतंत्र वर्ग घ्यावे लागतात.

४

मुंबईत देशी भाषा मागे पडत असताना लाहोरला याच प्रश्नाचे दुसरे उत्तर शोधले जात होते. पंजाब विद्यापीठ १८८२ साली स्थापन झाले. गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य जी. डब्ल्यू. लाइटनर आणि ‘अंजुमन-ए-पंजाब’ ही संस्था यांनी त्यासाठी जी चळवळ केली, तिचा आधार असा होता की, आधुनिक ज्ञान लोकांच्या भाषांतून द्यावे आणि अभिजात पौर्वात्य विद्येलाही मान असावा. इंग्रजी शिक्षणाचा प्रभाव तेथेही ओसरला नाही. परंतु इंग्रजीच्या हमरस्त्याला समांतर अशी एक पायवाट या विद्यापीठाने ठेवली. हिंदीत रत्न, भूषण, प्रभाकर. उर्दूत अदीब, आलिम, अदीब फाजिल. पंजाबीत बुद्धिमान, विद्वान, ज्ञानी अशा त्याच्या भाषापरीक्षांच्या पायऱ्या होत्या. पुढे अशी सोय झाली की, ज्ञानी किंवा प्रभाकर उत्तीर्ण झालेल्याने केवळ इंग्रजीची परीक्षा दिली तरी त्याला मॅट्रिक आणि क्रमाने पदवीपर्यंत जाता येई.

या वाटेला पंजाबात गमतीने ‘व्हाया भटिंडा’ म्हणत. भटिंडा हे मोठे रेल्वे जंक्शन, आणि तेथून वळसा घेऊन जाणारा प्रवासी उशिरा का होईना, मुक्कामाला पोचतो! या नावात थोडी कुचेष्टा आहे. वळशाने मिळविलेली पदवी सरळ मार्गाच्या पदवीपेक्षा कमी, असे म्हणणाऱ्याला सुचवावयाचे असे. तथापि घरी राहून अभ्यास करणाऱ्या स्त्रिया, नोकरी सांभाळून शिकणारे शिक्षक, शाळा अर्धवट सोडावी लागलेले तरुण यांना या वळशाने शिक्षणात परत येता आले. भाषेवरील प्रभुत्व हेच येथे प्रवेशाचे भांडवल ठरले. फाळणीनंतर पूर्व पंजाबातील विद्यापीठ काही वर्षे सोलन येथे होते. १९५६ पासून ते चंदीगढला आले. शालान्त परीक्षा घेण्याचे काम १९६९ साली पंजाब शालेय शिक्षण मंडळ स्थापन होईपर्यंत या विद्यापीठाकडेच होते.

लाहोरचे उत्तर निर्दोष होते असे नाही. न्यायालये व कचेऱ्या यांत उर्दूचे वर्चस्व असल्याने पंजाबीला आपल्याच प्रांतात दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा एवढाच की, मुंबईत जे अपरिहार्य मानले गेले ते तसे नव्हते. साम्राज्य एक, काळ एक. पण एका विद्यापीठाने देशी भाषेला दाराबाहेर ठेवले आणि दुसऱ्याने तिच्यासाठी बाजूचे का होईना, दार ठेवले. मानदंड निसर्गनियमासारखे नसतात, ते कोणीतरी ठरवीत असते, हे यावरून दिसते. मराठीतही असा प्रयत्न झालाच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेला माध्यमाचे स्थान दिले आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवला. तेथे कल्पिलेला विद्यार्थी मुळातच निराळा होता; ती विद्यार्थिनी होती.

५

स्वातंत्र्याच्या वेळी मराठी मुलांची शालान्त परीक्षा एक नव्हती. मुंबई इलाख्यातील मुलगा मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक देत असे. वऱ्हाड-नागपूरकडील मुलगा मध्यप्रांताच्या मंडळाच्या परीक्षेस बसे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यातील मराठी मुलाला पुढे शिकावयाचे तर उर्दूतून शिकावे लागे. गोव्यात सरकारी शिक्षणाची वाट पोर्तुगीजमधून लायसियमकडे जात होती. ‘मॅट्रिक झालेला’ या एकाच शब्दाखाली असे चार प्रकारचे मराठी साक्षर होते, आणि त्यांच्या वाचनात व लेखनात पडलेला फरक त्या पिढीच्या साहित्यातही दिसतो.

मुंबई राज्यात १९४९ साली शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून पुण्याच्या एस.एस.सी. परीक्षा मंडळाकडे देण्यात आली. हा बदल वरवर प्रशासकीय वाटतो. पण त्याचा अर्थ खोल आहे. विद्यापीठ परीक्षा घेत होते तेव्हा ती महाविद्यालयात येणाऱ्याची पात्रता तपासणारी परीक्षा होती. मंडळाची परीक्षा ही शाळा संपविणाऱ्याची परीक्षा झाली. प्रवेश परीक्षेची शालान्त परीक्षा झाली, आणि महाविद्यालयात कधीच न जाणाऱ्या मुलांचाही विचार करणे भाग पडले. राज्यनिर्मितीनंतर १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्र राज्य मंडळ अस्तित्वात आले. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी ‘बालभारती’ स्थापन झाली. तोपर्यंत शाळांत खासगी वाचनमाला चालत. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलांच्या पुस्तकात जिवंत, खेळकर मराठी आणली होती. आता सर्व राज्यात एक पुस्तक, एक प्रश्नपत्रिका आणि एक मानदंड झाला. १९७५ साली दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली परीक्षा झाली आणि अकरावीची जुनी मॅट्रिक इतिहासजमा झाली.

एकीकरणाचा लाभ मोठा होता. बीडच्या मुलाला आणि रत्नागिरीच्या मुलीला एकाच प्रमाणपत्राने एकाच नोकरीसाठी अर्ज करता येऊ लागला. पण एकाच प्रश्नपत्रिकेने लाखो विद्यार्थी तपासावयाचे म्हटल्यावर उत्तरही एकसारखे असणे सोयीचे होते. संदर्भासह स्पष्टीकरण, रसग्रहण, कल्पनाविस्तार, म्हणींचे अर्थ, सारांशलेखन अशी प्रश्नांची ठरावीक मालिका रूढ झाली. तिच्यामागोमाग मार्गदर्शके आली, ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच आले, आणि ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर हजारो उत्तरपत्रिकांत एकच पाऊस एकाच शब्दांत पडू लागला. कल्पनाविस्तार हा मुळात मुलाच्या विचारशक्तीला वाव देणारा प्रकार. परीक्षेच्या चरकातून तो पाठांतराचा प्रकार होऊन बाहेर आला. वर्गशिक्षकाला दोष देणे सोपे आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, अनोळखी परीक्षकाला मान्य होईल असे उत्तर लिहवून घ्यावयाचे असेल, तर तो दुसरे काय करणार?

६

मानदंड बदलतो म्हणजे काय होते, हे शुद्धलेखनाच्या नियमांवरून सर्वांत चांगले समजते. १९६१ साली स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम निश्चित केले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि शासनमान्य असे हे अठरा नियम शाळांत व परीक्षांत लागू झाले. त्यांतील सर्वांत दृश्य बदल म्हणजे ज्यांचा उच्चार होत नाही असे, केवळ व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुस्वार काढून टाकण्याचा. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘पांच’चे ‘पाच’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले.

१९५० साली ज्या मुलाने ‘काही’ लिहिले त्याचा गुण कापला गेला असेल. १९८० साली ज्याने ‘कांहीं’ लिहिले त्याचाही कापला गेला असेल. दोघांच्या उच्चारात फरक नव्हता आणि दोघांचे म्हणणे वाचकाला सारखेच कळत होते. तरीही एक पिढी ज्याला सुशिक्षितपणाची खूण समजत होती, तीच खूण पुढल्या पिढीत जुनाटपणाची ठरली. या बदलाने लेखन सोपे झाले, हे निःसंशय. ज्यांच्या घरी संस्कृतची परंपरा नव्हती त्या मुलांची, मूळ शब्दात अनुनासिक होते की नव्हते हे आठवत बसण्याच्या संकटातून सुटका झाली. मोजपट्टी बदलताना येथे, क्वचितच घडते तसे, तिच्यामागचा माणूस बदलण्याचा विचार झाला.

तो विचार पुरता झाला नाही, हेही म्हटले पाहिजे. तत्सम शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ संस्कृतप्रमाणे लिहिण्याचा नियम कायम राहिला. ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद ज्या बोलींत होत नाही, त्या बोलणाऱ्या मुलाची ‘पाणी’-‘पानी’ची चूक ही अज्ञानाची चूक म्हणून मोजली जात राहिली. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांत वाढलेले मूल, किंवा घरी गोंडी व कोरकू बोलणारे मूल, शाळेत येते तेव्हा त्याला मराठीच्या परीक्षेत वस्तुतः दुसऱ्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. दोन भाषा सांभाळण्याचे त्याचे कौशल्य कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही. त्या कौशल्यामुळे होणाऱ्या चुका मात्र लाल शाईने नोंदल्या जातात.

७

अलीकडच्या काळातील एक घटना या सर्व विवेचनाची कसोटी म्हणून पाहता येईल. नव्या अभ्यासक्रमानुसार दहावीला भाषाविषयांसाठी ‘कृतिपत्रिका’ आली. पाठ केलेल्या उत्तराऐवजी न पाहिलेला उतारा समजून घेणे, स्वतःचे मत मांडणे, बातमी, जाहिरात, पत्र असे उपयोजित लेखन करणे, यांवर तिचा भर होता. हेतू स्तुत्य होता. त्याच वेळी भाषाविषयांतील तोंडी परीक्षेचे २० गुण रद्द करून संपूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा ठेवण्यात आली. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. मोठी ओरड झाली. त्याच वर्षी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पुन्हा देण्याचा निर्णय झाला, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, हेही हिशेबात धरावयास हवे.

महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी २०१९ साली बारा टक्क्यांनी घटली आणि पुढल्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी. या वादात बहुतेकांचे लक्ष टक्केवारीकडे होते: अन्य मंडळांची मुले अकरावीच्या प्रवेशात पुढे जातील, ही चिंता खरीच होती. परंतु तोंडी परीक्षा म्हणजे भाषेच्या दृष्टीने काय, हा प्रश्न मागे पडला. ऐकून समजणे, नीट बोलणे, मोठ्याने वाचणे ही साक्षरतेची अर्धी बाजू आहे. ते वीस गुण खिरापतीसारखे वाटले जात असतील, तर उपाय ती परीक्षा प्रामाणिकपणे घेण्याचा होता. ते रद्द केले तेव्हा भाषेची एक बाजू मापाबाहेर गेली; परत दिले तेव्हा ती बाजू मापात आली की केवळ निकाल वाढला, याचा निवाडा फारसा झाला नाही.

८

२०२० साली महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा झाला. त्यामुळे घरी मराठी नसलेला विद्यार्थी मोठ्या संख्येने मराठीच्या परीक्षेत आला. २०२३ साली शासनाने साथीच्या काळात झालेली हानी लक्षात घेऊन, अन्य मंडळांच्या शाळांतील काही तुकड्यांसाठी मराठीचे मूल्यमापन तात्पुरते श्रेणीने करावे आणि ते एकूण गुणांत धरू नये, अशी सवलत दिली. सवलतीमागील सहानुभूती समजण्यासारखी आहे. पण ज्याची बेरीज होत नाही त्याचा अभ्यास होत नाही, हा १८६० नंतरच्या दशकातला अनुभव येथे आठवल्यावाचून राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एके काळी अभिजात भाषांना जागा देण्यासाठी मुंबई विद्यापीठाने जिला बाजूला केले, ती भाषा आज त्यांच्या पंक्तीत बसली आहे. या सन्मानाचा उपयोग शालान्त परीक्षेत केवळ अवघड मराठी मागण्यासाठी झाला, तर इतिहासाने आपल्याला काही शिकविले असे म्हणता येणार नाही.

सेक्टर ४३ मधील ज्या मुलाचा उल्लेख आरंभी केला, त्याच्यासाठी आजही दोनच मार्ग आहेत: मराठीची परीक्षाच न देणे, किंवा महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाच्या मापाने ती देणे. राज्य मंडळाने प्रथम भाषेसाठी ‘कुमारभारती’ आणि द्वितीय भाषेसाठी ‘अक्षरभारती’ अशी दोन पुस्तके ठेवून, एकाच भाषेत निरनिराळ्या विद्यार्थ्यांसाठी निरनिराळी मापे असू शकतात हे मान्य केले आहे. हे तत्त्व पुढे नेता येईल. बोलीतून प्रमाण भाषेत येणारा, आदिवासी भाषेतून मराठीत येणारा, परप्रांतात वाढून घरच्या मराठीकडे परत येणारा, या प्रत्येकासाठी पंजाबच्या ‘ज्ञानी’सारखी एखादी वळशाची, पण मुक्कामाला नेणारी वाट असण्यास हरकत नाही. ती वाट हिणकस मानली जाऊ नये, एवढी खबरदारी मात्र आरंभापासून घ्यावी लागेल.

दर्जा घसरेल ही भीती अशा प्रत्येक सूचनेपुढे उभी राहते. पण दर्जा या शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, हे वर पाहिले. १८८० साली संस्कृत श्लोकाचा अन्वय लावता येणे हा दर्जा होता, मोडी खत वाचता येणे नव्हता. ज्याची जमीन त्या खतावर अवलंबून होती, त्याला ही निवड करणाऱ्यांनी विचारले नव्हते. यापुढे मराठीची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी गुणांची विभागणी ठरविण्यापूर्वी, आपण कोणत्या मुलासाठी हे माप घेत आहोत, ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे. फुल्यांनी १८८२ साली आयोगापुढे तेवढे केले होते, आणि म्हणूनच त्यांनी मांडलेला छोटासा अभ्यासक्रम आज इतक्या वर्षांनंतरही वाचनीय व विचारार्ह वाटतो.